एक ‘एस’ आईचा, एक बाबांचा

‘ताई, नमस्कार. मी उत्तर नागपुरात राहते. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. यंदाच्या थंडीत त्याचे हातपाय इतके दुखले की रात्र-रात्र रडायचा. आम्हाला वाटलं, वाढतं वय आहे, होतं असं. शेवटी मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, नेलं. रक्त तपासलं तर ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे सिकलसेल, निघाला. सासूबाई म्हणाल्या, “आमच्या सात पिढ्यांत असं नाही. हे तुमच्या घरून आलं.” मग माझं रक्त तपासलं, मी ‘एएस’ निघाले. आता तर त्यांचं म्हणणं पक्कंच झालं. नवरा काही बोलत नाही, पण तपासायलाही जात नाही. नणंदेचं लग्न जमवून राहिले, म्हणून तोवर कोणाजवळ तोंड उघडायचं नाही असं घरात ठरलंय. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लिहून दिलं. औषधाच्या दुकानातला मुलगा म्हणाला, ही तर कॅन्सरची गोळी. मी पाकीट कपाटात ठेवून दिलं. रामटेककडचा कोणी वैद्य तीन महिन्यांत मुळापासून बरं करतो, असंही एकानं सांगितलं. मोबाइलवर वाचायला गेले तर ही मुलं किती वर्षं जगतात याचेच आकडे. झोप उडाली आहे. खरी माहिती कुठे मिळेल? आणि मी बोलू तरी कोणाशी? – एक आई’

कपाटातलं ते पाकीट आधी बाहेर काढ. बाकीचं मग बोलू. तुला ‘तू’ म्हणते आहे, कारण माझ्या धाकट्या बहिणीला मी असंच लिहिलं असतं. ती बहीण या पत्रात पुढे येणार आहे.

दुकानातला मुलगा खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. हायड्रॉक्सीयुरिया रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये देतात हे खरं आहे. सिकलसेलमध्ये, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकतात त्या आजारात, त्याचं काम वेगळं. बाळ पोटात असतं तेव्हा त्याच्या रक्तात एक निराळं हिमोग्लोबिन असतं, त्याला एचबीएफ म्हणतात. ते भरपूर असलं की लाल पेशी सहजी विळ्यासारख्या वाकत नाहीत. जन्मानंतर ते हळूहळू कमी होतं. म्हणूनच एसएस बाळ पहिले काही महिने अगदी चांगलं असतं आणि सहा महिन्यांच्या पुढे त्याची बोटं सुजायला लागतात. ही गोळी तेच हिमोग्लोबिन पुन्हा वाढवते. अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी तिला १९९८ साली मान्यता मिळाली. आणि तू जिथे पोराला नेलंस त्याच मेडिकलच्या डॉक्टरांनी त्रास जास्त असलेल्या मुलांना ती कमी मात्रेत, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, देऊन पाहिली. कळाही कमी झाल्या आणि रक्त चढवण्याची गरजही. तो अभ्यास २०१२ साली छापून आला आहे. म्हणजे ही गोळी परक्या देशातून आली आणि आपल्या पोरांवर कोणी पाहिलीच नाही, असं नाही.

पण आज रात्रीच सुरू करू नकोस. मध्ये किती दिवस गेले ते मला माहीत नाही. पाकीट आणि पोराला घेऊन ओपीडीत जा, रक्ताची मोजणी करून घे आणि ‘मी घाबरले होते, दिलं नाही’ असं स्पष्ट सांग. कोणी रागावलं तर ऐकून घे, पण खोटं सांगू नकोस. कारण या गोळीनं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, त्यामुळे मोजणी वरचेवर करावी लागते, आणि वजन वाढलं की मात्राही बदलते. गोळी रोज द्यायची, दुखेल तेव्हा नाही. फरक दिसायला काही महिने जातात. पहिल्या महिन्यात कळ आली म्हणून ‘काही उपयोग नाही’ असं ठरवून टाकू नकोस. दिल्यावर हात धुवायचे, कॅप्सूल आपल्या मनानं फोडायची नाही. तुला दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही डॉक्टरांना आधी सांग.

आता सासूबाईंचं म्हणणं.

हिमोग्लोबिनचा एक जनुक आईकडून येतो, एक वडिलांकडून. साधा असेल तर ‘ए’, सिकलचा असेल तर ‘एस’. तू एएस आहेस, म्हणजे तुझ्याजवळ एस एकच आहे आणि तू एकच देऊ शकतेस. पोराजवळ दोन आहेत. दुसरा कुठून आला? तुझ्या मुलाचा रिपोर्ट हाच तुझ्या नवऱ्याचा अर्धा रिपोर्ट आहे. त्यांनी सुई टोचून घेतली नाही तरी ते कागदावर लिहिलेलंच आहे. कधी कधी वडिलांकडून एस न येता थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, जनुक येतो आणि मुलाचा रिपोर्ट वरवर पाहता एसएससारखाच दिसतो. नेमकं काय आहे ते आईवडील दोघांची एचपीएलसी, म्हणजे रक्तात कोणतं हिमोग्लोबिन किती ते सांगणारी, तपासणी झाली की उलगडतं. नवऱ्याची तपासणी त्यासाठी हवी. कोणाचा दोष किती, हे मोजायला नको.

हे सगळं सासूबाईंच्या तोंडावर फेकून मारावंसं वाटेल. तुझ्या जागी मलाही वाटलं असतं. पण नवरा गप्प का आहे, याचा विचार कर. आपणच पोराला हे दिलं, ही भीती माणसाचं तोंड बंद करते. एएस असणं हा आजार नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं. ते आज जसे कामावर जातात तसेच उद्याही जातील. सांगणारं माणूस तू नसलेलं बरं. ओपीडीतल्या समुपदेशकाकडून ऐकलं तर ते भांडण वाटणार नाही.

सात पिढ्यांचं म्हणशील तर आधीच्या सहा पिढ्यांचं रक्त तपासलं कोणी? हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आला तो १९१० साली, शिकागोत. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ची, आणि आपल्या मध्य भारताबद्दल नागपूरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते १९५८ साली. त्याआधी कोणाचे सांधे धरले की ‘वात’, डोळे पिवळे झाले की ‘कावीळ’, आणि लेकरू गेलं की ‘नजर’. सासूबाईंच्या आठवणीत असं एखादं लेकरू असेलही. एखाद्या दुपारी त्यांच्याजवळ बसून विचार. मात्र खिंडीत पकडल्यासारखं नको.

आणखी एक सांगते, कारण पत्रात तू ते लिहिलं नाहीस तरी ओळींच्या मधे मला दिसलं. हा ‘अमक्या लोकांचा’ आजार आहे असं म्हणणारी माणसं नागपुरात अजून आहेत. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा एस टिकला, कारण एकच एस असणाऱ्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. आफ्रिकेत तेच, अरबस्तानात तेच, आपल्या जंगलपट्ट्यातही तेच. विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, बौद्धांमध्ये आहे, इतर मागास समाजांमध्ये आहे. त्यात कोणाच्या चारित्र्याचा, स्वच्छतेचा, पापपुण्याचा काही संबंध नाही.

माझ्या बहिणीला आठव्या वर्षापासून ‘वात’ होता. चौदाव्या वर्षी मेडिकलमध्ये निदान झालं, एसएस. घरात ठरलं की मोठीचं, म्हणजे माझं, लग्न होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही. तुझ्या घरी ठरलं आहे ना, अगदी तसंच. ती एकोणीस वर्षांची असताना ताप आणि छातीत दुखणं घेऊन आम्ही तिला एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे सर्दी-खोकल्याची औषधं मिळाली आणि दोन दिवस गेले. डॉक्टरांनी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. सांगायचं नाही हेच तर ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला श्वास घेता येईना. मोठ्या रुग्णालयात प्राणवायू लावून, रक्त देऊन ती वाचली. त्या रात्री कॉरिडॉरमध्ये आई मला म्हणाली, ‘सांगितलं असतं तर?’ यावर मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. आणि मी स्वतः एएस आहे हे मला कळलं ते लग्नानंतर दोन वर्षांनी. नवऱ्याची तपासणी एए आली म्हणून सुटले. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

म्हणून तुझ्या नणंदेबद्दल माझं मत ठाम आहे. तिचा भाऊ वाहक, म्हणजे एएस, असेल तर तीही असू शकते. तिला हे लग्नाआधी कळायला हवं. ती एएस निघाली तर लग्न मोडायचं कारण नाही, मुलाचंही रक्त तपासायचं, एवढंच. तो एए असेल तर त्यांच्या मुलांना हा आजार होत नाही. दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ती प्रत्येक वेळी नव्यानं असते; पहिलं एसएस झालं म्हणून पुढची तीन सुटली असं नसतं. हेच गणित तुम्हा दोघांनाही लागू आहे. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधी समुपदेशकाशी बोल. गर्भाची तपासणी तिसऱ्या महिन्याच्या आसपास करता येते, त्यामुळे उशीर नको. नणंदेला हे तूच सांग. घरात तिच्याइतकं तुझं ऐकणारं दुसरं कोणी नसेल, असं मला वाटतं.

याचा अर्थ वस्तीभर सांगत फिरावं असा नाही. लपवणं वेगळं आणि जपणं वेगळं. शेजारच्या काकूंना तुझ्या पोराचा रिपोर्ट माहीत असायची गरज नाही. पण त्याच्या शाळेतल्या बाईंना ही माहिती हवी, त्याला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हवी, आणि ज्यांच्या रक्तात हा एस असू शकतो त्या तुमच्या दोन्हीकडच्या भावंडांना हवी. बाईंना चार ओळींचं पत्र दे: पाण्याची बाटली बाकावरच राहू द्या, लघवीला जाऊ द्या, पळून दमला तर बसू द्या, दुखतं म्हणाला तर नाटक समजू नका आणि मला फोन करा.

खरी माहिती कुठे, हे तू विचारलंस. पहिली जागा तुझ्या ओळखीची आहे, मेडिकलच्या ओपीडीबाहेरचं बाकडं. मी गंभीरपणे सांगते आहे. तिथे तुझ्या शेजारी जी बाई बसली असेल, तिचं पोरगं कदाचित बारा वर्षांचं असेल आणि तू आज ज्या रात्री काढते आहेस त्या तिनं सात वर्षांपूर्वी काढल्या असतील. ‘तुमच्या मुलाचा कोणता पॅटर्न?’ एवढं विचारलं तरी पुरतं. माझ्या आईला तिची पहिली मैत्रीण अशीच भेटली, उमरेडहून येणारी. औषध संपलं तर कुठे मिळतं, सुई लावताना पोराला कसं धरायचं, कोणत्या वारी गर्दी कमी, हे आईला तिनं शिकवलं. आणि रडूही दिलं.

मेडिकल लांब पडत असेल तर मेयो हे दुसरं सरकारी रुग्णालय आहे, मिहानमध्ये एम्स आहे. तपासणीसाठी तर तुमच्या भागातल्या शहरी आरोग्य केंद्रात आधी विचार, आशाताईंनाही विचार. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं आहे, त्यात चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी हाच मुख्य भाग आहे. महाराष्ट्राचा कार्यक्रम तर त्याच्याही कितीतरी आधीचा. नवऱ्याच्या तपासणीला खर्च येईल हे कारण उरत नाही. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था आपल्या नागपूरचीच आहे. ती उभी करणारे संपत रामटेके यांना २०१८ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. रुग्णांच्या हक्कांसाठी या शहरातल्या माणसांनी वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. तू एकटी नाहीस हे मी धीर द्यायला म्हणत नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मोबाइलवर वाचू नकोस असं मी म्हणणार नाही, तू वाचणारच. पण वाचताना पाहा, सांगणारा काही विकतो आहे का. त्यानं कोणत्या वर्षी लिहिलं आहे. तो कोणत्या देशातल्या रुग्णांबद्दल बोलतो आहे. आयुष्याचे जे आकडे तू वाचलेस त्यांतले बरेच जुन्या काळचे, निदान उशिरा होत होतं आणि लस-गोळी नव्हती तेव्हाचे. उलट ‘भारतातला सिकलसेल सौम्य असतो’ असंही कुठे वाचशील. आपल्याकडे एचबीएफ तुलनेनं जास्त असतं हे खरं, पण विदर्भातल्या मुलांना त्रास कमी होतो असं त्यावरून धरून चालू नकोस. तुझ्या पोराचं एचबीएफ किती, ते त्याच्याच रिपोर्टवर लिहिलेलं असेल. डॉक्टरांना तो आकडा दाखवून विचार.

रामटेककडच्या वैद्याकडे जाऊ नकोस. जनुक बदलणारं कोणतंही चूर्ण नाही. हा आजार मुळापासून काढण्याचा रुळलेला मार्ग एकच, अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्याला जुळणारा दाता लागतो, शक्यतो सख्खं भावंड, आणि सख्खं भावंड जुळण्याची शक्यताही चारात एकच. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती मान्यता बारा वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी होती आणि उपचाराची किंमत कोटींमध्ये आहे. आज तुझ्या हातात आहे ती गोळी, लस आणि लक्ष.

लक्ष कशावर ठेवायचं ते मात्र सविस्तर सांगते, कारण एवढं नीट कळलं तर तुझी निम्मी झोप परत येईल. ताप १०१च्या वर गेला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. या मुलांची प्लीहा, म्हणजे पोटात डावीकडे असलेला, जंतूंशी लढणारा अवयव, नीट काम करत नाही, म्हणून साधा वाटणारा ताप झपाट्यानं वाढतो. खोकला, छातीत दुखणं, धाप, म्हणजे माझ्या बहिणीला जे झालं होतं ते, तर तासभरही थांबायचं नाही. पोरगं एकाएकी पांढरंफटक, गळून गेलेलं आणि पोटाची डावी बाजू फुगलेली दिसली तर प्लीहेत रक्त साठलं असू शकतं. ती बरगडीखाली कशी चाचपायची ते डॉक्टरांकडून एकदा शिकून घे. आयांना हे छान जमतं. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तरी धाव. मुलग्यांना कधी लिंग ताठ होऊन दुखत राहतं आणि ते लाजून सांगत नाहीत. मोठा होताना त्यालाही हे सांगून ठेव. आणि पुढच्या भेटीत विचार: न्यूमोकोकलची लस पूर्ण झाली का? पेनिसिलिन हवं का? डोक्याच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी केव्हा? फॉलिक ॲसिड किती? हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून कोणी लोहाची गोळी देईल, ती तपासणीशिवाय घेऊ नकोस. याचं रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून.

नागपूरची हवा या मुलांना दोन्हीकडून त्रास देते. मे महिन्यात अंगातलं पाणी आटतं, डिसेंबरात थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात. दोन्हींत कळ उठते. उन्हाळ्यात त्याला तहान लागायची वाट पाहू नकोस, देत राहा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, ओल्या अंगानं तर मुळीच नको. थंडीत मोजे, कानटोपी आणि सकाळच्या शाळेला एक जास्तीचा स्वेटर.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार आहे. प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. ते एसएसला मिळतं, एएसला नाही. एसटीच्या साध्या गाडीत मोफत प्रवास आहे, पुढे परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मिळतात, आणि सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत, बदली दाता न मागता. कोणी मागितला तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांच्या खोलीत जाऊन बस.

एक दोनशे पानी वही घे. पहिल्या पानावर पोराचं नाव, ‘एसएस’, रक्तगट, वजन, चालू औषधं, एरवी त्याचं हिमोग्लोबिन किती असतं तो आकडा, आणि दोन फोन नंबर. पुढे प्रत्येक कळेची तारीख आणि आदल्या दिवशी काय झालं होतं ते. माझ्या बहिणीची अशी चौथी वही चालू आहे. ती एक्केचाळीस वर्षांची आहे, शाळेत गणित शिकवते, थंडीत दोन-तीन दिवस रजा घेते आणि मुलांच्या वह्या घरी आणून तपासते. तुला तिच्याशी बोलायचं असेल तर सदराच्या पत्त्यावर तसं कळव. तिनं स्वतःहून सांगितलं आहे.

ओपीडीत जाशील तेव्हा नवऱ्याला ‘तुमची तपासणी करायला चला’ म्हणू नकोस. ‘पोराला घेऊन माझ्याबरोबर चला, मला एकटीला भीती वाटते’ एवढंच म्हण. ते खरंही आहे. तिथे समुपदेशकाला आधी बाजूला गाठून सांग की यांचं रक्त अजून व्हायचं आहे. बाकी ते बघतील.

गोळी सुरू झाली की मला कळव.